लिंबायतच्या खोलीत ताऱ्यांचे कण

वहिनीचा फोन आला. "भाऊजी, ती काचेची पेटी भंगारात देऊ का?"
"थांबा, मी येतो," म्हणालो.

माझा मोठा भाऊ सुरतेत बमरोलीच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा. सहा महिन्यांपूर्वी तो गेला. फुटलेल्या ताऱ्यांकडून आलेल्या कणांच्या खुणा या पेटीत दिसतात, असं तो साऱ्या गल्लीला ओरडून सांगायचा; लूमच्या खडखडाटात तीच सवय लागलेली. दिसलं कधीच काही नाही. मी धुळ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. पेटी चालणार याची मला खात्री होती. दादा थापा मारत नव्हता, हे गल्लीला दाखवायचं होतं.

धुळ्याहून बसने नंदुरबारला गेलो, तिथून रेल्वे धरली. वहिनी राहते त्या लिंबायतला जायचं तर सुरतेपर्यंत जाऊ नका, उधन्याला उतरा. बाहेर शेअर रिक्षा मिळते, गरम लोचोही, हरभरा डाळीचा सुरती नाश्ता.

दादाची चूक साधी होती. तो बर्फात मीठ घालायचा. इथे त्याहून खूप थंड असा कोरडा बर्फ लागतो. तो आइस्क्रीमवाल्यांना माल देणाऱ्याकडे मिळाला. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं; त्याच्या वाफेचं थंड तळावर धुकं होतं आणि कण गेला की त्यात रेघ उमटते.

"गुजरातेत अल्कोहोल? मला आत टाकाल भाऊजी!" वहिनी हसली. खूप दिवसांनी.

दुपारी खिडकीला चादर लावली, बाजूने टॉर्च धरला. दादाच्या शेजारच्या मशीनवरचे रमेशभाऊ आले होते. लूमवर धाग्याला तार म्हणतात. "तार सोडून तारे मोजायचा तुझा भाऊ," ते म्हणाले.

दहा मिनिटं नुसतं धुकं. मग काळ्या तळावर बारीक पांढरी रेघ उमटली.

"तार तुटली!" रमेशभाऊ ओरडले आणि सवयीने, मशीन बंद करायला जावा तसा, त्यांचा हात पेटीकडे गेला.

सगळ्याच रेघा आकाशातल्या नसतात. पण ही लांब, सरळ रेघ बहुधा म्युऑन नावाच्या कणाची. ताऱ्यांकडचे कण वर हवेवर आदळतात, त्यातून म्युऑन तयार होतात. माणसाला तो पहिल्यांदा सापडला आकाशातल्या किरणांतच, यंत्रात नव्हे. आजही कणांचे अभ्यासक आकाशाकडे बघतात, कारण तिथला जोर कुठल्याच यंत्राला जमत नाही. आणि तारे अभ्यासणाऱ्यांना कण समजून घ्यावे लागतात. दोघांचं काम एकच होत चाललंय. एवढं मी सांगितलं.

"म्हणजे हे खरं बोलायचे," वहिनी म्हणाली.
"खरंच बोलायचा," रमेशभाऊ म्हणाले आणि पुन्हा काचेवर वाकले.

धुळ्यात परतून आठवडा झाला. पेटी तिथेच ठेवली. दादा नाही, हे रोज कळतंच. पण त्याची बाजू मांडायची राहिली, ही बोच गेली.

काल वहिनीचा फोन होता. "रविवारी गल्लीतल्या बारा मुली पेटी बघायला येणार आहेत. मी कसं सांगू?"
"दादा सांगायचा तसंच."
"म्हणजे कारखान्यात असल्यासारखं, ओरडून?"
"हो," म्हणालो. "ओरडूनच सांगा."