गाडी येऊन राह्यली

शुद्धलेखन चुकलं असेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे. चौथीनंतर हातात पेन क्वचितच आला. हे कोणी वाचू नये; वाचलंच तर माफ करावं.

सिंदी मेघेतल्या एका लॉजवर मी पोळ्या लाटते. पाहुणे वर्ध्यात आश्रम पाहतात आणि निघून जातात. मालकांना वाटलं, आजूबाजूची गावंही दाखवावीत. माझं माहेर गिरडकडचं, म्हणून ते मलाच सोबत पाठवू लागले. चार माणसांत माझी मान वर होत नाही. पण घरावर टिना, म्हणजे पत्रे, टाकायला मोठ्या जाऊबाईंकडून पैसे घेतले होते आणि फेरीचे पैसे वेगळे मिळत. दुपारी जाऊबाई दारातून विचारायच्या, "टिना लय तापल्या का वं? सोस आता, आमच्याच पैशाच्या हायेत." ते ऐकवत नसे.

हिंगणघाटचा कापूस, सिंदी रेल्वेचे पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे मोठाले लाकडी बैल, गिरडच्या टेकडीवरचे गोल दगड. एक व्यापारी टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबांशी खोटं बोलला आणि त्याच्या मालाचे दगड झाले, ही गोष्ट सांगून सांगून मलाच तिचा कंटाळा आला होता. पाय दुखायचे, आणि घरी येऊन पुन्हा स्वयंपाक असायचाच.

एकदा वैशाखात पुण्याची मंडळी आली. आजीबाई, त्यांचा मुलगा आणि सून. त्या फेरीच्या पैशांत जाऊबाईंचं सगळं देणं फिटणार होतं. गिरडला दर्शन झालं. गाडीवाला पंक्चर काढायला गेला होता. त्याला फोन केला आणि मंडळींना म्हटलं, "गाडी येऊन राह्यली." मग मी पाणी आणायला गेले. परतले तर तिघंही सावली सोडून भर उन्हात रस्त्यावर.

सून म्हणाली, "अहो बाई, कुठे आहे गाडी?"

"येऊन राह्यली ना जी."

"येऊन राहिली, तर दिसत का नाही?"

मुलगा तापला. "लॉजवाल्यांना सांगतो, हिला पैसे देऊ नका. आईला चक्कर आली असती."

मी नुसता पदर चाळवत उभी राहिले.

तेवढ्यात आजीबाईच हसायला लागल्या. "अरे, म्हणजे येतेय! सकाळी ही म्हणाली, चहा होऊन राह्यला. मी आपली रिकामा कप धरून बसले होते!"

सूनही हसली. पुढे लॉजपर्यंत मुलगा गाडीत मला म्हणत होता, "काकू, भूक लागून राह्यली." तक्रार काही झाली नाही. मालकांनी पूर्ण पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी जाऊबाईंच्या हातावर ते ठेवले. त्यांनी मोजले, पुन्हा मोजले.

"बराबर हायेत," त्या म्हणाल्या. "फिटले तुये सारे."