मॅडमसाठी लिहिलेलं पत्र

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला बाबा उत्पन्नाचा दाखला काढायला टाळाटाळ करत होते. दाखला मिळाला असता तर सरकारी योजनेतून माझी अर्धी फी माफ झाली असती. मी आठवण करून दिली की म्हणायचे, प्रेसवाले पगाराचा कागद देत नाहीत. बाबा घाटकोपरच्या एका छापखान्यात मशीनवर होते, माझ्या जन्माच्या आधीपासून. निदान आई आणि मी तसं समजत होतो.

त्याच सुमारास कॉलेजने आम्हाला पवईची एक कंपनी बघायला नेलं. गेटवर बॅगा तपासायला निळ्या गणवेशात बाबा उभे होते. माझ्या मागेपुढे मैत्रिणी होत्या. बाबांनी माझ्या बॅगेची चेन उघडली, आईने भरून दिलेला डबा बाजूला सरकवून आत पाहिलं, चेन लावली आणि म्हणाले, "चला पुढे." मी पुढे गेले.

संध्याकाळी ते मला घराजवळच्या बसस्टॉपवर भेटले, साध्या शर्टात. प्रेस आठ महिन्यांपूर्वीच भिवंडीला हलली होती आणि जुन्या माणसांना काढून टाकलं होतं. चाळीत, गावाला, सगळीकडे बाबा मशीनवाले म्हणून ओळखले जात. आईला सांगायचं त्यांच्याकडून होत नव्हतं. मला म्हणाले, तुझी परीक्षा होऊ दे, मग मीच सांगतो तिला. मी कबूल केलं.

दाखल्याची मुदत गेली. बँकेत शैक्षणिक कर्जासाठी विचारलं, तर तिथेही वडिलांची पगाराची स्लिप हवी होती. 'कमवा आणि शिका'मधून मी कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांना लेबलं लावायचे, पण त्यातून बसचा पास आणि झेरॉक्सच निघायची. शेवटी आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमकडे गेले. विद्यार्थी मदतीचं काम त्या बघायच्या. मला त्यांनी स्वतःची जुनी पुस्तकं दिली होती, कितीदा डब्यातली पोळी माझ्यापुढे सरकवली होती. त्यांच्या ओळखीचा एक ट्रस्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची फी भरणार होता. दाखल्याची अट नव्हती, फक्त घरची परिस्थिती सांगणारं पत्र हवं होतं.

पहिलं पत्र त्यांनी परत दिलं. हे कोणीही लिहील, म्हणाल्या, खरं काय ते लिही. कोण वाचणार, असं मी दोनदा विचारलं.

"मी एकटी वाचणार. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

होता. लायब्ररीच्या टेबलावर बसून मी चार पानं लिहिली. प्रेस, भिवंडी, पवईचं गेट, डबा, 'चला पुढे', सगळं लिहिलं. मैत्रिणी बरोबर होत्या म्हणून मी बाबांना ओळख दिली नाही, हेही लिहिलं.

चेक द्यायचा कार्यक्रम मुलुंडच्या एका हॉलमध्ये होता, पालकांसकट बोलावलं होतं. बाबांनी सुट्टी काढली, शर्टाला इस्त्री केली. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. मॅडम माइकपाशी आल्या आणि म्हणाल्या, एका मुलीचं पत्र वाचते, नाव सांगणार नाही.

पहिल्याच वाक्याला कळलं, पत्र माझं होतं. मॅडम छान वाचायच्या. 'चला पुढे'पाशी त्यांचा आवाज भरून आला, पुढच्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. मी आईकडे बघू शकले नाही. मैत्रिणींचं वाक्य आलं तेव्हा बाबा उठले आणि रांगेतल्या लोकांचे पाय चुकवत बाहेर गेले. थोड्या वेळाने माझं नाव पुकारलं. मी जाऊन चेक घेतला, फोटोलाही उभी राहिले.

बाहेर बाबा नव्हते. बस आली. चढताना आई गावच्या बोलीत एवढंच म्हणाली, "तुका म्हायत होता. माका सांगलंस नाय."

सोमवारी मी स्टाफरूममध्ये गेले. मॅडमना खरंच कळत नव्हतं काय झालं ते. मी नाव कुठे घेतलं, म्हणाल्या. पत्र ऐकून हॉलमधल्या दोघा पाहुण्यांनी आणखी मुलांची फी भरायचं कबूल केलं होतं, ते त्यांनी मला आनंदाने सांगितलं.

"आईबाबा तिथे बसले होते, मॅडम."

"अगं, मग बरंच झालं ना. कधीतरी कळायचंच होतं."

चेक परत करावा असं फार वाटलं. पण परत केला असता तर कॉलेज सुटलं असतं. कॉलेज संपेपर्यंत मी त्यांच्या तासाला शेवटच्या बाकावर बसले.

बाबा मला रागावले नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून घरूनच गणवेश घालून निघायला लागले, चाळीतल्या सगळ्यांच्या देखत. माझ्याशी मात्र कामापुरतं बोलायचे. महिन्याभराने एकदा चहा पिताना विचारलं, "मैत्रिणी होत्या म्हणून, असं लिहिलं होतंस ना?"

मी हो म्हटलं.

"मीही त्यासाठीच गप्प राहिलो होतो," ते म्हणाले आणि कप ठेवून उठले.

आता मी अंधेरीत नोकरी करते. गेल्या वर्षी मॅडमचा फोन आला, नव्या मुलांना पत्र कसं लिहायचं ते सांगायला येशील का. मी गेले. मुलांना म्हटलं, काय लिहायचं ते तुम्ही ठरवा, पण दुसऱ्याचं गुपित लिहू नका. आणि तुमचं पत्र कुठे, कोणासमोर वाचलं जाणार, ते आधी लिहून घ्या. मॅडम शेजारीच बसल्या होत्या. माझ्या बोलण्यावर त्या मान डोलवत होत्या, आणि मुलांना म्हणाल्या, हे नीट लक्षात ठेवा.