धम्मशीलाताई आणि नंदूची बॅटरी

बर्मिंगहॅममध्ये आमच्या बस स्टॉपसमोर धम्मशीलाताईंचं दुकान आहे. एका बाजूला मोबाइल रिपेअर, दुसऱ्या बाजूला व्हेप, म्हणजे बॅटरीवरच्या ई-सिगरेटी. आमच्या विहारातली काही मंडळी नाकं मुरडतात, रविवारी पंचशील घेते आणि सोमवारी धूर विकते म्हणून. विकते तर विकते! माझ्यासमोर कुणी त्या बाईला वाकडं बोलून तर दाखवावं.

माझा नवरा नंदू बस चालवतो. गेल्या वर्षी त्याला हार्ट अटॅक आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता सिगरेट धरलीत तर पुढच्या वेळी आमच्या हातात काही नसेल. नंदूने सिगरेट सोडली आणि ऑनलाइन व्हेप मागवलं. मी निर्धास्त झाले. आणि एका संध्याकाळी त्याच्या जॅकेटला सिगरेटचा वास! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बॅटरी दुपारीच मरते गं," तो म्हणाला. "मग ब्रेकमध्ये जीव कासावीस होतो."

शनिवारी त्याला ओढतच ताईंकडे नेलं. "जय भीम ताई. ह्या डबड्याला नवी बॅटरी घाला."

दुसरं कुणी असतं तर बॅटरी विकून मोकळं झालं असतं. ताईंनी जुनी काढून तपासली. "बॅटरी ठणठणीत आहे," म्हणाल्या. मग त्यांनी आतली कॉइल काढली. लिक्विड तापवून त्याची वाफ करणारी ती इवलीशी तार. "अरे नंदू, झीरो पॉइंट टू ओहमची कॉइल, आणि वर व्होल्टेज टोकाला नेलंयस?"

माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं की मला ओ की ठो कळलेलं नाही. "वीणा, व्होल्टेज म्हणजे टाकीतल्या पाण्याचा जोर. रेझिस्टन्स म्हणजे नळ किती आवळलाय ते. ह्याने जोरही वाढवला आणि नळही सताड सोडला. मग टाकी दुपारी रिकामी होणार नाही तर काय?"

"पण कमी केलं की काही लागतच नाही," नंदू पुटपुटला.

"लिक्विड कुठलं वापरतोस?"

त्याने खिशातून बाटली काढली. सगळ्यात कमी निकोटिनची. एवढी कमी का, असं ताईंनी विचारलं तर बाटली परत मुठीत लपवली. मग हळूच म्हणाला, "पाचवं शील... निदान कमीत कमी मोडावं म्हणून."

पाचवं शील म्हणजे नशेपासून दूर राहण्याचं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. रविवारी विहारात चार शीलं खणखणीत म्हणणारा हा माणूस पाचव्याला गप्प व्हायचा. मला वाटायचं, अटॅकनंतर दम पुरत नसेल.

ताई हसल्या नाहीत. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "अरे वेड्या, शरीराला हवं तेवढं ते ओढून घेणारच. लिक्विड हलकं, म्हणून तू व्होल्टेज वाढवून दिवसभर ओढतोस. त्याने बॅटरी मरते, आणि बॅटरी मेली की सिगरेट. आमच्या सुहासनेही अशीच अर्धवट सोडली होती." सुहास म्हणजे त्यांचे मिस्टर. काउंटरमागे बुद्धाच्या मूर्तीशेजारी त्यांचा फोटो आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले, त्यानंतरच ताईंनी व्हेप ठेवायला सुरुवात केली.

त्यांनी वन पॉइंट टू ओहमची, म्हणजे नळ आवळणारी कॉइल घातली, व्होल्टेज उतरवलं आणि चांगलं कडक, जास्त निकोटिनचं लिक्विड दिलं. मी किंचाळलेच, "ताई, हार्टचा पेशंट आहे तो!"

"हॉस्पिटलातल्या त्याच्या हार्टच्या नर्सला फोन लाव, इथूनच. आणि तोवर जरा गप्प बस."

मला आजवर कुणी गप्प बसवलेलं नाही. पण बसले. नर्सही म्हणाली, सिगरेटपेक्षा हे बरं, पुढे हळूहळू कमी करत न्या.

सोमवारी नंदू शिफ्ट संपवून आला तेव्हा अर्धी बॅटरी शिल्लक होती. मी जॅकेट हुंगलं. नुसता पावसाचा वास.

आता मला सांगा, असा धंदा कोण करतं? कमी लिक्विड जाळणारी कॉइल द्यायची, दर खेपेला लिक्विड हलकं करत न्यायचं, आणि शेवटी गिऱ्हाईकच घालवायचं! युनिफॉर्ममधली पोरं दुकानात शिरली तर ताई त्यांना "आईला घेऊन ये" म्हणून पिटाळतात. सिगरेट न ओढणाऱ्याला तर काही विकतच नाहीत. धन्य ती बाई.

ह्या एप्रिलमध्ये नंदूने ते व्हेप त्यांच्या काउंटरवर नेऊन ठेवलं. ताईंनी सवयीने बॅटरी तपासली. फुल.

"चार्ज कधी केली होतीस?"

"आठवत नाही ताई. लागलंच नाही."

ताई पाठ फिरवून सुहासच्या फोटोची काच पुसायला लागल्या. चांगली लख्ख काच होती, तरी पुसतच राहिल्या.

त्या रविवारी विहारात चार शीलं झाली. मी श्वास रोखून बसले. आणि शेजारून नंदूचा आवाज आला. चिरकला, पण थांबला नाही. पुढच्या रांगेतल्या ताई म्हणता म्हणता ऐकायला थांबल्या. मी मात्र अशी हमसाहमशी रडत होते, की माझंच पाचवं शील त्या दिवशी म्हणायचं राहून गेलं.