ब्रेकर आला, उतरा

आमच्या गाडीत बसायचं असेल तर एक नियम पाळावा लागतो. जयपूरच्या प्रताप नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे. तो आला की मी गाडी थांबवतो आणि म्हणतो, "ब्रेकर आला, उतरा." मग बायको उतरते, मुलगी उतरते, पाहुणे असतील तर तेही चेहऱ्यावर काही न दाखवता उतरतात. मी एकटा, श्वास रोखून, गाडी तिरकी करतो, एक चाक चढवतो, मग दुसरं. पोट न घासता पलीकडे पोचलो की हॉर्न वाजवतो. सगळे चालत येतात, परत बसतात, आणि राहिलेलं अंतर, म्हणजे चार घरं, आम्ही ऐटीत जातो. चार घरं पायीच जाता आली असती हे पाहुण्यांच्या लक्षात येतं, पण तोवर त्यांनी दार लावलेलं असतं.

ब्रेकर बिचारा जरा उंच आहे, एवढंच. खरा पराक्रम माझा. गाडी मुळातच बुटकी. मोठं इंजिन, रुंद टायर, जमिनीला धरून पळणारी सेडान. कोल्हापूरला असताना सेकंडहँड घेतली तेव्हाच ती बरीच वयस्क झाली होती. पण वळणावर आणखी चिकटून पळावी म्हणून मी हौसेनं तिला आखूड स्प्रिंगा बसवून घेतल्या. बसवणाऱ्यानं विचारलं होतं, "साहेब, रस्ते कुठले तुमचे?" मी म्हणालो, "रस्त्यांचं मी बघतो." तेव्हापासून रस्तेच मला बघतायत.

नोकरीनं जयपूरला आणलं तेव्हा सामान ट्रकनं आलं आणि मी गाडीनं. नंबरप्लेट आता इथली झाली, हॉर्न मात्र अजून कोल्हापूरचा आहे. कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलं. त्यामुळे एखादा रबरी तुकडा तुटला तरी झोटवाड्यात जाऊन लेथवाल्याकडून काहीतरी घडवून आणावं लागतं. रविवारी सकाळी टोंक रोडकडच्या एका टपरीवर याच मॉडेलचे आम्ही काही मालक जमतो. बॉनेट उघडतो आणि आजारी नातेवाइकाला भेटायला आल्यासारखे एकेकाच्या इंजिनात वाकून बघतो. दर रविवारी कोणीतरी म्हणतं, "बस, इस साल निकाल दूंगा." बाकीचे गंभीरपणे मान हलवतात. आजवर एकही गाडी गेलेली नाही.

का नाही गेली, असं विचारलंत तर माझ्याकडे मोठं भाषण तयार आहे. स्टिअरिंग जड आहे, पण रस्त्यावरचा बारीक खडासुद्धा तळहाताला कळवतं. तिसऱ्या गिअरमध्ये काटा अर्ध्याच्या पुढे सरकला की इंजिनाचा आवाज पालटतो. इतका वेळ घशातून बोलणाऱ्या माणसानं एकदम पोटातून गायला लागावं तसा. हे मी लग्नानंतर बायकोला गाडीत बसवून प्रात्यक्षिकासह ऐकवलं होतं. ती कान देऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, "तो एसीचा आवाज आहे का?"

तर अशी ही गाडी जायची वेळ आली ती माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्यांमुळे. सासरे सांगलीचे, निवृत्त हेडमास्तर. दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. ते हिवाळ्यात आमच्याकडे राहायला येणार, असं ठरलं आणि त्याच संध्याकाळी बायकोनं विषय काढला.

"बाबांना तू ब्रेकरला उतरवणार?"

"त्यांना बसू दे. मी हळू घेईन."

"त्या दिवशी मुलीचं दप्तर राहिलं होतं आत, तरी घासली."

हे खरं होतं. दप्तरात भूगोल होता.

"आणि तुझ्या गाडीत बसायचं म्हणजे खाली बसायचं. बाबा खाली बसले की त्यांना उठवायला दोघं लागतात. उंच गाडी घेऊ या. बाबा यायच्या आत. आणि ही देऊन टाक."

वळणावर गाडी कशी चिकटते हे गुडघ्यांना सांगून उपयोग नव्हता. मी जाहिरात टाकली. मुरलीपुऱ्याच्या एका हौशी माणसाचा लगेच फोन आला. त्याचा आवाज ऐकूनच मला कळलं, हा आखूड स्प्रिंगा बघून खूश होणाऱ्यातला आहे. तो रोज विचारायचा, "सर, कब आऊं?" आणि मी रोज सांगायचो, "नई वाली फ़ाइनल हो जाए." थोडक्यात, नवी पसंत पडली की जुनी गेली. माझं सगळं त्या एका चाचणीवर येऊन ठेपलं होतं.

शनिवारी शोरूममध्ये गेलो. गाडी उंच होती. इतकी उंच, की आत चढल्यावर शेजारची दुकानं मला पहिल्यांदाच वरून दिसली. सेल्समन तरुण, टाय लावलेला, फार गोड. "सर, ये बटन दबाइए." छत सरकलं आणि आमच्या मुलीनं आकाश बघून अशी किंकाळी मारली की माझा निकाल तिथंच लागला. बायको म्हणाली, "घरापर्यंत नेऊन बघू या, गल्लीत वळते का." सेल्समन म्हणाला, "बिलकुल मैम, आप ही की गाड़ी है." मी मनात म्हटलं, अजून नाही रे बाबा.

चालवायला मी. शेजारी सेल्समन, मागे मायलेकी. गाडी गुळगुळीत पळत होती. काहीच ऐकू येत नव्हतं, काहीच कळत नव्हतं. पलंगावर बसून टोंक रोडनं निघाल्यासारखं वाटत होतं. दोष काढायला काही सापडेना. सेल्समन एकेक गुण मोजत होता आणि मागून बायको "हं, हं" करत होती. तो हं मला ओळखीचा आहे. साडी पसंत पडल्यावर येतो तो.

आमची गल्ली आली. ब्रेकर आला. मी गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढायला हात घातला. तिथं हँडब्रेक नव्हता, सेल्समनचा गुडघा होता. तो दचकला. तेवढ्यात मागची दोन्ही दारं उघडली. मुलगी एका बाजूनं उतरली, बायको पदर सावरत दुसऱ्या बाजूनं. एक अक्षर न बोलता दोघी रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

सेल्समन हळू आवाजात म्हणाला, "सर... मैम नाराज़ हो गईं?"

"नहीं नहीं. ब्रेकर है."

त्यानं ब्रेकरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गिऱ्हाइकाच्या घरची काही रीत असेल असं समजून तोही उतरला.

एव्हाना मला शहाणपण यायला हवं होतं. आलं नाही. मी श्वास रोखला, ती भलीथोरली गाडी तिरकी केली, एक चाक चढवलं, मग दुसरं, आणि पलीकडे जाऊन हॉर्न वाजवला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

ब्रेकरच्या शेजारीच, कडुनिंबाखाली, इस्त्रीची हातगाडी आहे. तिथली प्रेसवाली बाई, आमच्यापेक्षा थोडी मोठी, तोंडानं फटकळ, कोळशाची इस्त्री हातात धरून हे सगळं बघत होती. तिनं बायकोला विचारलं, "भाभीजी, नई में भी उतरना पड़ता है?"

बायको म्हणाली, "नहीं... इसमें नहीं पड़ता."

"तो उतरीं क्यों?"

बायकोला हसू फुटलं. प्रेसवालीला फुटलं. मग दोघी अशा हसल्या की प्रेसवालीनं आधी इस्त्री बाजूला ठेवली. सेल्समन मधे उभा राहून नम्रपणे म्हणाला, "मैम, इसका ग्राउंड क्लियरेंस बहुत अच्छा है." त्यावर त्या पुन्हा हसल्या. मी पलीकडून दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला, तिसऱ्यांदा वाजवला. कोणी आलं नाही. शेवटी मुलगी सांगत आली, "पप्पा, मम्मी बोलली थांब. मतलब, त्यांचं बोलणं चालू आहे."

शोरूममध्ये गाडी परत देऊन आम्ही आमच्या बुटकीतून घरी निघालो. मी मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये काटा अर्ध्यापुढे नेला. शेवटचंच गाणं, म्हटलं, ऐकू दे. बायको बाहेर बघत होती. मग म्हणाली, "गाडी चांगली आहे."

"आहे."

"फारच चांगली आहे. आलो कधी, गेलो कधी, कळणारसुद्धा नाही कोणाला."

हा गुण सांगितला की दोष, ते मला कळेना.

"आपण इथं नवीन आलो तेव्हा तू दिवसभर ऑफिसात. मला एक माणूस ओळखत नव्हतं. या ब्रेकरला उतरून उतरूनच ती प्रेसवाली बोलायला लागली. दूध कुठलं घ्यायचं, ब्लाउज कोण बरा शिवतं, थंडीत मटार कधी घेऊन ठेवायचा. मुलीला ताप आला तेव्हा डॉक्टरसुद्धा तिनंच सांगितला. आणि तू पलीकडे जाऊन लगेच हॉर्न वाजवतोस ना, दर वेळी आमचं बोलणं अर्धवट राहतं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती चिडून सावकाश चालत येते.

"पण तिच्याकडे तर तू चालतही जाऊ शकतेस," मी म्हणालो. आपल्याच गाडीच्या विरुद्ध बोलणारा वकील जगात माझ्यासारखा मीच.

"जाते की. पण कारण काढून जायचं वेगळं आणि जाता जाता उतरायचं वेगळं." मग ती म्हणाली, "राहू दे ही. बाबांचं मी बघते."

मुरलीपुऱ्याला मी त्याच मिनिटाला कळवलं असतं, पण गाडी चालवत होतो. घरी पोचल्यावर कळवलं. तो म्हणाला, "पता था सर. कोई नहीं देता."

सासरे आले. स्टेशनवर गाडीत बसताना त्यांनी आधी हात टेकवले, मग देवाचं नाव घेतलं आणि मग स्वतःला सोडून दिलं. खाली पोचल्यावर इकडंतिकडं पाहून म्हणाले, "जावईबापू, पाटावर बसवलंत. आता ताट वाढा." रस्ताभर मी त्यांना इंजिनाचं भाषण दिलं. हेडमास्तर असल्यामुळे कंटाळवाणं भाषण सरळ चेहऱ्यानं ऐकायची त्यांना सवय होती.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. "बाबा," मी चाचरत म्हणालो, "ब्रेकर आला..."

पुढचं बायको बोलली. "उतरा, बाबा. सावकाश."

एका हाताला मी, एका हाताला बायको, आणि मागून नातीचं प्रोत्साहन. उठवायला दोघं लागतात हा हिशेब बरोबर निघाला. प्रेसवालीनं हातगाडीमागून बसायला वेताचा मुढ्ढा आणून ठेवला. "बाबूजी, पधारो." ते बसले. उन्हात पाय पसरले. बायकोनं ओळख करून दिली, आणि हेडमास्तरांनी मोडक्या हिंदीत पहिलाच प्रश्न विचारला, "आपके यहां बाजरी कैसे करते हैं?" झालं. प्रेसवालीनं चहा मागवला.

मी गाडीत बसलो. श्वास रोखला, तिरकी केली, चढवली, उतरवली. पोट घासलं नाही. हॉर्न वाजवला.

आरशात चौघं दिसत होती. सासरे हातानं भाकरी थापून दाखवत होते, म्हणजे सांगलीची पद्धत सांगत असावेत. मुलीनं माझ्याकडे न बघताच हात केला, पुढे जा म्हणून. "आम्ही येतो चालत," सासऱ्यांचा आवाज आला. गुडघ्यांच्या तोंडून हे वाक्य सांगलीतसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं.

मी न्यूट्रलमध्ये एकदा जोरात ॲक्सिलरेटर दिला. काटा अर्ध्याच्या पुढे गेला, आवाज पालटला, पोटातून आला, काय सुरेख आला.

आरशात पाहिलं. कोणी मानसुद्धा वळवली नव्हती.