कोर्टाचा कागद आण

"मी न्हाई वळखत हिला."

माझ्या भावाची थोरली पोर, तारा, माझ्याकडं बघून हे म्हणाली. इनामदाराच्या मळ्यात, गुऱ्हाळापुढं, सगळ्या माणसांच्या देखत. जिच्या बारशाला मी आत्ती म्हणून तिच्या कानात नाव सांगितलं होतं, ती पोर. बोलताना तिचा उजवा हात पाठीमागं होता. मला वाटलं, लाजतीय. धाकटी हौसा उसाच्या चिपाडाच्या ढिगावर बसून टकामका बघत होती. दोघींच्या अंगावर राख. केसांच्या जटा झालेल्या.

इनामदार बाजेवर बसला होता. अंगात खादी, डोक्याला पांढरी टोपी. त्या वर्षांत आमच्या भागात इंग्रजाविरुद्धची चळवळ पेटली होती. इनामदारही सभेत उभा राहून गुलामगिरीवर बोलायचा.

"ऐकलंस?" तो मला म्हणाला. "पोरगी वळखत न्हाई म्हनती."

"मालक, भ्यालीया ती. मी सख्खी आत्ती हाय. भाऊ लढाईवर हाय, वहिनी गेली. पोरींना मला नेऊ द्या."

"कशावरनं? उद्या कुनी बी महारीन येईल आन म्हनंल, माझी पोरं. सातारला जा. कोर्टाचा कागद आन. मग ने."

माणसं हसली. गूळ शिजवणारा गुळव्या हसला. चुलवणात जाळ घालणारा हसला. आमच्याच आळीतला एक जण तिथं चिपाडं वाहत होता, तोही हसला. त्याचं हसणं मला जास्त लागलं.

मग इनामदारानं गुळाचा एक खडा उचलला आणि माझ्या पायापुढं धुळीत टाकला.

"लांबनं आलीयास. तोंड गोड कर."

लहानपणापासून मी इनामदाराच्या घरातलं टाकलेलं उचलत आले होते. आईनं उचललं, आजीनं उचललं. त्या दिवशी माझा हात खाली गेला नाही. मी मागं वळले आणि चालू लागले. पाठीमागं हौसा रडायला लागली. कुणीतरी तिच्यावर खेकसलं, तशी ती गप झाली. ते गप होणं ऐकत मी ओढा ओलांडला.

मी मिरजेला एका दवाखान्यात आया होते. नवरा मारायचा, म्हणून त्याला सोडून तिथं आले होते. रोग्यांची घाण काढायची, चादरी धुवायच्या. स्वतःचं पोर नव्हतं. धाकटा भाऊ शिवा पलटणीत होता. तो ब्रह्मदेशाकडं गेला आणि त्याची खबर बंद झाली. तिकडं गावात वहिनी तापानं गेली. मला कुणी कळवलंही नाही. बाजाराला आलेल्या एका बाईकडून कळलं, तोवर इनामदारानं पोरींना मळ्यात नेलं होतं. गावाला सांगितलं, पोरकी पोरं सांभाळतोय. गावानं त्याला मोठ्या मनाचा म्हणलं.

मळ्यावरनं परतताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. कागद आण. त्याला वाटलं होतं, ही बाई सातारा कुठं हाय ते विचारता विचारता मरंल.

मी गेले साताऱ्याला.

पहिल्या वकिलानं मला पायरीवरूनच हाकललं. दुसऱ्यानं ऐकून घेतलं आणि इनामदाराचं नाव कळल्यावर पान थुंकून म्हणाला, पुढं बघा. तिसरे एक मुसलमान वकील होते. उतारवयाचे, दम्यानं खोकायचे. त्यांनी मला ओट्यावर बसायला सांगितलं. पोत्यावर नाही, त्यांच्याच चटईवर.

"बाई, कायदा आहे," ते म्हणाले. "बापाचा पत्ता नसेल तर जवळच्या नातेवाइकाला मुलांचं तात्पुरतं पालकपण मिळतं. बाप परत येईपर्यंत. तो आला की मुलं त्याची. चालेल?"

"चालंल."

"इनामदार गप्प बसणार नाही."

"मला बी तेच पायजे," मी म्हणाले.

त्यांनी कारकुनाला अर्ज लिहायला सांगितला.

कोर्टाची नोटीस गेली, तशी इनामदारानं पोरींना रातोरात सांगलीला, आपल्या सासुरवाडीला पाठवलं. तेव्हा सांगलीचं संस्थान वेगळं. साताऱ्याच्या कोर्टाचा हुकूम तिथं चालत नव्हता. तारखेला तो हात हलवत आला आणि पोरी आपल्याकडं नाहीतच म्हणाला. पण जज्जसाहेब जुने, असले डाव ओळखणारे होते. त्यांनी चष्म्यावरनं बघत एवढंच सांगितलं, "पुढच्या तारखेला मुली इथं दिसल्या नाहीत तर तुम्ही तुरुंगात दिसाल." मी इनामदाराच्या तोंडाकडं बघितलं. त्याच्या कानशिलावरनं घाम ओघळला. तो घाम बघून मला जे वाटलं, ते मी लपवत नाही. आनंद झाला. जत्रेला झाला नाही एवढा आनंद.

पुढच्या तारखेला पोरी आल्या. नव्या परकरात. केसांना तेल लावलेलं. इनामदाराच्या मागं उभ्या केलेल्या.

मला पिंजऱ्यात बोलावलं. शिपाई शपथ घ्यायला लावताना दोन हात लांब सरकला. इनामदाराचा वकील काळ्या कोटात, गोरापान.

"जात?"

"महार."

"नवरा?"

"सोडला."

"त्यानं तुला सोडलं?"

"न्हाई. मी त्याला सोडला."

मागं बसलेले हसले. वकील थांबला, हसू पुरतं होऊ दिलं.

"काम काय करतेस?"

"दवाखान्यात आया हाय. रोग्यांची घाण काढते."

तो जज्जसाहेबांकडं वळला. "साहेब, नवरा टाकलेली बाई. दिवसभर घाणीत हात. तिच्या ताब्यात मुली द्यायच्या? इनामदारांकडं त्यांना दोन वेळचं अन्न मिळतं, चार चांगले संस्कार होतात. आणि खरं सांगायचं तर या लोकांत पोरांना विचारतो कोण?"

माझे वकील उठायला लागले. खोकल्याची उबळ आली आणि त्यांना बोलता येईना. मी त्यांची वाट बघितली नाही.

"मी इचारते," मी म्हणाले. "म्हनून तर हितं उभी हाय. इनामदारांनी कागद आन म्हनून सांगितलं, तवा मी कागद न्यायला आलीया."

इनामदार. त्या दिवशी माझ्या तोंडात मालक शब्द आला नाही. मुद्दाम टाळला असंही नाही. तो आतच मेला होता.

जज्जसाहेबांनी ताराला पुढं बोलावलं. "ही बाई कोण?"

तारा जमिनीकडं बघत राहिली. हात पाठीमागं.  पुन्हा तेच म्हणाली तर सगळं संपलं.

जज्जसाहेब इनामदाराला म्हणाले, "तुम्ही बाहेर जा."

तो गेला. दार लागलं. तारानं हळूच विचारलं, "खरंच गेलं का वो?"

"गेले."

मग तिनं पाठीमागचा हात पुढं काढला. तळवा उघडला. मधोमध भाजल्याचा डाग. कातडं आवळून बोटं आत वळलेली.

"ही माझी आत्ती हाय," ती म्हणाली. "आत्ती आली तर वळखायचं न्हाई, न्हाईतर दुसरा हात बी भाजीन, असं सांगिटलंय."

कोर्टात कुणी हसलं नाही. काळ्या कोटातला वकील हातातले कागद सारखे करत राहिला. जज्जसाहेबांनी विचारलं, कशानं भाजलं? तारानं सांगितलं. रस आटवायच्या काहिलीच्या कडेला चिकटलेला गूळ तिनं बोटानं काढून खाल्ला होता. महाराच्या पोरीनं गूळ बाटवला, म्हणून इनामदारानं चुलवणातलं जळतं लाकूड काढून तिच्या हातावर धरलं. गुळव्यानं तिचं मनगट धरलं होतं.

हुकूम झाला. बाप परत येईपर्यंत पोरी माझ्या. माझ्या वकिलांनी कागद माझ्या हातात दिला. बाहेर व्हरांड्यात इनामदार उभा होता. मी त्याच्यासमोर जाऊन थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"कागद आनलाय," मी म्हणाले. "वाचून घेता का?"

त्यानं मान फिरवली.

पोरींना घेऊन मिरजेला आले. हौसा पहिले दिवस भाकरी परकरात लपवायची. तारा झोपेत हात उशाखाली दाबून धरायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो हात बघितला आणि म्हणाल्या, बोटं आता पूर्ण सरळ होणार नाहीत. त्या दिवशी मी ठरवलं. पोरी मिळाल्या यावर माझं भागणार नव्हतं.

वकिलांकडं गेले. म्हणलं, फौजदारी करायची.

"बाई, आता थांबा," ते म्हणाले. "मुली मिळाल्या. हे त्याला सहन झालंय, पुढचं होणार नाही."

"त्याला सहन हुयाला पायजे का माझ्या पोरीला?"

त्यांनी खोकत खोकत तक्रार लिहून दिली.

तक्रारीचं कळताच इनामदाराचा माणूस मिरजेला आला. लुगडं आणि पोरींना चांदीचे वाळे घेऊन. म्हणाला, "झालं गेलं विसर. तुला काय पायजे ते सांग."

"मला इनामदार पिंजऱ्यात उभा बघायचा हाय."

तो उठून गेला. लुगडं मी त्याच्यामागं रस्त्यावर फेकलं.

आणि मग लढाई संपली आणि शिवा परत आला. एका पायानं लंगडत. पोरींना पोटाशी धरून रडला. मीही रडले. दुसऱ्या दिवशी गावाला जाऊन आला आणि माझ्यापुढं मान खाली घालून बसला.

"आक्का, मिटीव. आपल्याला त्याच गावात ऱ्हायाचं हाय. इनामदार म्हनला, घर उठवीन."

"तू जपान्याम्होरं उभा ऱ्हायलास."

"ते येगळं, आक्का. तितं हातात बंदूक व्हती."

मला त्याचा राग आला नाही. त्याची भीती कुठनं आली होती ते मला ठाऊक होतं. मी कोर्टाचा हुकूम काढून त्याच्यापुढं ठेवला.

"तू आलास. आता माझं पालकपन संपलं. पोरी तुझ्या. ने. पन त्या गावाला नेशील तर माझ्या प्रेतावरनं ने. आन केस मी केलीया. ती मी मागं घेनार न्हाई. तू सांगितलंस तरी न्हाई."

तारा दारात उभी होती. बापाकडं बघून म्हणाली, "दादा, मी कोर्टात बोलनार हाय."

 शिवा गावाला गेला नाही. मिरज स्टेशनावर हमालाचं काम धरलं आणि पलीकडच्या गल्लीत खोली घेतली.

केस कोर्टात उभी राहिली. आधी खरं सांगतो म्हणालेला गुळव्या साक्षीला उलटला. बघणारे सगळे म्हणाले, आम्ही त्या दिवशी नव्हतो. एकटी तारा बोलली. इनामदार पिंजऱ्यात उभा होता, टोपी हातात घेऊन. माझी पोर त्याच्याकडं बोट दाखवून सांगत होती, ह्यानं. वाकडं बोट, सरळ होत नव्हतं. तेच दाखवलं तिनं.

त्याला दंड झाला. नुसता दंड. तो तिथल्या तिथं भरून बाहेर आला. गावचे लोक त्याच्याभोवती गोळा झाले. मला बघून त्यानं टोपी घातली.

"भागलं का तुझं?"

"न्हाई," मी म्हणाले. "हौसा सांगत हुती, मळ्यात मांगाची दोन पोरं हायती. चिपाडं वाहत्यात. औंदाच्या हंगामाला ती चुलवनापाशी दिसली, तर मी पुन्ना येनार. त्यांच्या आईला घेऊन येनार. ती भ्याली तर तिच्या भैनीला आनीन. तुमी तुमचा वकील ठरवून ठेवा, इनामदार."

तो हसला नाही. त्याच्याभोवतीचंही कुणी हसलं नाही.

लोक मला म्हणतात, वैर सोड. मी सोडलं नाही. त्याला मी माफ केलं नाही, करणार नाही, आणि माझ्या पोरींनाही करू देणार नाही.

दिवाळी सरली. गुऱ्हाळं पेटली. मी डॉक्टरीणबाईंकडं रजा मागितली आणि गावाची वाट धरली.