साडूंच्या गाडीतली डबी

माणसांना बोलतं करण्यासाठी माणसांचे फोन बंद पाडणारा, आमच्या थोरल्या साडूंइतका प्रेमळ गुन्हेगार अख्ख्या मुलुंडमध्ये दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मी त्यांना दादा म्हणतो. एका सरकारी कचेरीत उभा जन्म खाली मान घालून काढला, आणि रिटायर झाल्यावर मान वर केली तर घरातल्या बाकी सगळ्यांच्या माना खाली. बायको, सून, नातू, सगळे आपापल्या फोनमध्ये. मग ह्या गृहस्थाने एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि नातेवाइकांना हौसेने फिरवायला सुरुवात केली. कोणाला मनोरीला जायचंय म्हटलं की मार्वेच्या जेटीपर्यंत सोडायला हे तयार. "गाडीत तरी बोलतील रे," म्हणायचे. गाडीतही कोणी बोलेना. तेव्हा कुठून कोण जाणे, त्यांनी एक काळी डबी पैदा केली. गाडीतल्या चार्जरच्या भोकात खुपसायची, बटण दाबायचं, की सगळ्यांच्या फोनचं नेटवर्क गायब!

मी कपाळाला हात लावला. "दादा, हे बेकायदा आहे. पोलीस धरून नेतील."

"नेऊ देत की. जाताना गप्पा तरी होतील."

आणि ती डबी काही आपल्याच गाडीपुरती थांबत नसे. सिग्नलला उभे राहिलो की आजूबाजूच्यांचीही वाट लागायची. एकदा भांडुपला शेजारच्या रिक्षावाल्याचा नकाशाच गेला. तो फोनला थपडा मारतोय, मागची बाई म्हणतेय डावीकडे घ्या, हा म्हणतोय उजवीकडे, आणि दोघांचं असं जुंपलं की सिग्नल सुटला तरी रिक्षा जागेवरच. "बघ, कसे बोलायला लागले एकमेकांशी!" दादा खूश. भाच्याच्या लग्नाला तर आम्हा पाच जणांना घेऊन निघाले आणि थेट भलत्याच हॉलवर नेलं. खऱ्या हॉलवर आधीच पोचलेली बायकोची बहीण फोन करून करून दमली, पण आमच्यापर्यंत पोचतो कसला! आम्ही त्या अनोळखी नवऱ्यावर अक्षता टाकून, पंगतीत बसून, मठ्ठा पिऊन बाहेर आलो तेव्हा कुठे प्रकार उघडकीस आला. दादा म्हणाले, "पण जिलेबी झकास होती ना?" असा माणूस. रागवायचं ठरवावं आणि हसू यावं. त्या हसण्याची मला आता लाज वाटते. तेव्हाच ती डबी खिडकीबाहेर भिरकावून द्यायला हवी होती.

त्या गाडीत मनापासून रमणारं माणूस एकच, माझी आई. गुडघ्याला शेक द्यायला तिला दोन वर्षं दर गुरुवारी दवाखान्यात न्यावं लागायचं, आणि ते काम दादांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. आईकडे साधा बटणांचा फोन. फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई बोलली तरी आई तिला "बरा गो बाये" म्हणून उत्तर द्यायची. अशी बाई दादांना मिळाली म्हणजे देवच पावला. ती पुढच्या सीटवर बसून घरापासून दवाखान्यापर्यंत मालवणीत बोलत सुटायची, आणि हे एका हाताने गाडी चालवत "मग? मग?" करत राहायचे. मी कधी विचारलं नाही ती काय बोलते ते. खरं सांगायचं तर तेवढीच माझी सुटका. घरी ती बोलायला लागली की मी फोनमध्ये बघत हूं हूं करायचो.

दादांची गाडी सुरू करायची एक ठरलेली पद्धत होती. चावी फिरवायची, समोरच्या चिमुकल्या गणपतीला हात जोडायचे, आणि तोच हात तसाच खाली नेऊन डबीचं बटण दाबायचं. नमस्कार आणि बटण, दोन्ही मिळून एकच विधी.

आईला अटॅक आला तेव्हा मी गोरेगावला ऑफिसात होतो. बायको तिच्याजवळ मुलुंडच्या हॉस्पिटलात. दादा त्या दिवशी गोरेगावातच कोणाला तरी सोडायला आले होते, ते दहा मिनिटांत माझ्या गेटवर हजर. गाडीत बसता बसता मी विचारलं, "डबी बंद आहे ना?"

"अरे, आज कोण चालू करेल?" म्हणाले. मग डोळे मिटून गणपतीला हात जोडले. रोजच्यापेक्षा जास्त वेळ. माझेही डोळे मिटलेले होते.

आरेच्या रस्त्यात एक बस आडवी बंद पडली होती. पाऊण तास आम्ही जागचे हललो नाही. फोनला एक दांडी येईना. "आरेत कधी असतं नेटवर्क?" दादा म्हणाले, आणि मलाही ते पटलं. पवई येईस्तोवर माझा फोन नेटवर्क शोधून शोधून बंदच पडला. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बायको उभी होती. तिचा चेहरा पाहूनच मला कळलं.

आई मध्ये पंधरा मिनिटं शुद्धीवर आली होती. "झिलाक फोन लाव," म्हणाली. बायकोने अकरा वेळा लावला. शेवटी आईनेच फोन कानाशी धरला, तर आतली ती बाई बोलली, ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे म्हणून. आई तिला म्हणाली, "बरा गो बाये. तेका सांग, सावकाश ये. घाई नाय."

मी सगळा दोष आरेला दिला होता. दादा गप्प राहिले असते तर मला जन्मात कळलं नसतं. पण तेराव्याला ते आले, रुमालात गुंडाळलेली डबी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "चालू होती रे. नमस्कार केला आणि हात गेला. गाडी लावताना डबीचा दिवा दिसला मला." मी त्यांना नको नको ते बोललो. चालते व्हा म्हणालो, वयाचाही मान ठेवला नाही. ते चपला हातात घेऊनच जिना उतरले. ती डबी मी वरवंट्याने ठेचली. राग काही ठेचला गेला नाही. तो आजही आहे, आणि कोणी समजावायला आलं की जास्तच चढतो.

मागच्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं. सामान फार होतं म्हणून बायकोने त्यांनाच बोलावलं, आणि मी तोंड फिरवून त्यांच्या गाडीत बसलो. पुढची सीट रिकामी. आम्ही सगळे मागे, दाटीवाटीने, आपापल्या फोनमध्ये. नेटवर्क एकदम फुल्ल. दादांनी चावी फिरवली, पण गणपतीला हात जोडले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून बसले होते. वाटेत आईचा दवाखाना आला तशी त्यांनी गाडी आपसूक हळू केली, आणि मग कोणाच्या लक्षात आलं नसेल असं समजून पुन्हा वेग दिला.

माझ्या आईचं शेवटचं बोलणं ह्या माणसापायी माझ्यापर्यंत पोचलं नाही. आणि दोन वर्षांतल्या सगळ्या गुरुवारांचं बोलणं, जे मी हूं हूं करत घालवलं, ते ह्याच माणसाकडे आहे.

"दादा, गाडी जरा बाजूला घ्या," मी म्हणालो. उतरलो, पुढे जाऊन आईच्या सीटवर बसलो. फोन बंद करून बायकोच्या हातात दिला.

"सांगा," म्हटलं. "काय बोलायची ती?"