मामीचा तांब्या

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी किडक्या दाढेत लवंगतेलाचा बोळा ठेवला आणि त्या वासानं मी थेट लहानपणीच्या चाकूरला, मामाच्या ओट्यावर जाऊन बसले.

मी आणि मामेबहीण शांता गुळाचे खडे खात होतो. खडा संपताच मामी तांब्या घेऊन तिच्यापुढं उभी. "गूळ खाल्लास नव्हं? चल, चूळ भर. ही लवंगेची पूड घे, बोटानं दात घास." शांता रडकुंडीला आली. मला म्हणाली, "तुझं बरं हाय बाई. तुला कुणीच काय म्हणत न्हाई."

खरंच होतं ते. माझी आई शेतावर जाताना हातावर गुळाचा खडा ठेवून निघायची. माझे दात बघायला तिला सवड नव्हती. मी शांताला दाखवून दाखवून दुसरा खडा दाढेखाली धरला.

आज साठीची शांता मला इथं घेऊन आली आहे, बाहेर बाकावर बसली आहे. काल तिनं माझ्यासमोर उसाचं कांडं दातांनी सोललं तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला.

तिच्या दातांचा हेवा मी एक वेळ गिळीन. त्या तांब्याचा मात्र अजून गिळवत नाही.